माय नुसती बसून राहायची
गेल्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि माझा आवाज गेला. परत येईल की नाही, डॉक्टरांनाही सांगता येईना. खरं सांगते, त्या दिवसांत मला मायचा राग आला होता. तीस वर्षं जिची पदं म्हटली, तिनं माझा गळाच का न्यावा?

माय म्हणजे आमच्या कन्हानच्या मठाची माय. इंग्रजांच्या काळात खाणीवर टोपल्या वाहणारी मजूर बाई. दारूच्या गुत्त्यासमोर उभी राहून ती देवाचं बोलायची आणि पुरुषसुद्धा खाली बसून ऐकायचे. लहानपणी मी आईचं बोट धरून तिच्या पुण्यतिथीला जायची. नदीवरचा गार वारा, चुलीवर उकळणाऱ्या वरणाचा वास, पुढे बायका, मागे पुरुष, आणि त्या सगळ्यांवरून जाणारा आईचा खडा आवाज. आई गेल्यावर पदं सांगायची, म्हणजे पहिली ओळ उचलायची जागा माझ्याकडे आली.

यंदा ती सोडून द्यायची, असं ठरवूनच मी पुण्यतिथीला कन्हानला जायला सीताबर्डीहून बस धरली. शेजारी काटोलकडची एक म्हातारी होती, रामटेकला लेकीकडे निघालेली. माझे डोळे भरलेले पाहून म्हणाली, "काहून रडून राहिली वं?" मी गळ्यावरचा व्रण दाखवला, कुजबुजत कसंबसं सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "माही आजी जाये मायच्या बैठकीले. गोऱ्या साहेबानं मायले बोलायची बंदी केली होती. शिपाई समोर उभा राहे. माय येऊन नुसती बसून राहे. तरी लोकं येतच राहिले. तू बी जाऊन बस ना वं."

ही गोष्ट आईनंही मला कधी सांगितली नव्हती. कन्हान आलं, मी घाईनं उतरले. म्हातारीचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

मठात माझ्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसले आणि डोळे मिटले. सगळे पहिल्या ओळीची वाट पाहत राहिले. मग बायकांच्या शेवटच्या रांगेतून कुणा नव्या सुनेनं अडखळत पहिली ओळ उचलली, सूर चुकलेलाच. दुसरीनं तो सावरून घेतला. बघता बघता सगळा मठ गाऊ लागला.

आवाज अजून आलेला नाही. आता मी तो मागतही नाही. मायच्या पायाशी बसायला मिळतं, एवढं पुष्कळ आहे. इतकी वर्षं वाटायचं, मी म्हणते म्हणून ही पदं टिकली. त्या दिवशी मी ती पहिल्यांदा ऐकली.