खाटेवरून सापडलेला बिघाड

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, लकवा मारला आणि माझी पूजा नावापुरती उरली. आम्हा लिंगायतांचं पूजेचं इष्टलिंग हातात असायचं, मन मात्र जागेवर नसायचं. उचगावात आमचं लहानसं गॅरेज होतं. वीस वर्षं मी मालकांच्या हाताखाली काम केलं होतं. आता गॅरेज बंद होतं आणि मालक मागच्या खोलीत खाटेवर छताकडं बघत पडलेले. वाचा गेली, उजवं अंग गेलं. यांना आता काही समजत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मीही तेच धरून चालले.

एका सकाळी मुरगूडचे एक गृहस्थ जुनी मोटार घेऊन दारात थांबले. इंजिन गचके खात होतं, सायलेन्सरमधून फटाके वाजत होते.

"पावणं, गॅरेज बंद हाय. मालक आजारी हायत."

"दोन मिस्त्री झाले वहिनी, कुणालाच बिघाड घावंना. जरा बघा की!"

तेवढ्यात आतून टकटक ऐकू आली. धावत गेले, तर मालकांचा डावा हात खाटेच्या दांड्यावर ठोके देत होता. एक ठोका चुकवून, अगदी इंजिनच्या तालात. मग चिमटीनं काहीतरी उपसल्याची त्यांनी खूण केली. मला कळलं. चालू इंजिनवर प्लगची एकेक वायर काढून बघायची, ही त्यांची नेहमीची रीत.

कोरडं फडकं धरून मी एकेक वायर काढून परत लावत गेले. पहिल्या दोन वेळा इंजिन आणखी अडखळलं. तिसरी काढली, तर आवाजात काडीचा फरक नाही. तोच सिलिंडर मेला होता. वायर खालून तडकलेली. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन फुटत होतं. फळीवरची दुसरी वायर लावली आणि इंजिन एका सुरात चालू लागलं.

"तुमीच खऱ्या मिस्त्री की!" पाहुणे म्हणाले.

"मी न्हवं. आत हायत त्ये."

आत गेले. मालक माझ्याकडं बघत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी खाटेपाशी खाली बसले. कित्येक महिने त्यांच्या उशाशी उभी राहून मी मोठ्यानं म्हणत आले होते, "देवा, सोडीव ह्यास्नी. मला बी सोडीव." त्यांनी शब्दन् शब्द ऐकला होता.

"चुकलं माझं," एवढंच म्हणता आलं. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला, बराच वेळ. ती क्षमा होती की नुसता आधार, मला आजही ठाऊक नाही.

ते बरे झाले नाहीत. चार महिन्यांनी गेले, लिंगैक्य झाले. पण त्या चार महिन्यांत मी त्यांच्याशी रोज बोलले, भांडलेसुद्धा. ती मोटार माझ्याच दारात का थांबली, हे मी देवाला विचारत नाही. मला नीट मागताही येत नव्हतं, तरी त्यानं ते चार महिने दिले. आता त्याच्यापुढं बसते तेव्हा काय द्यावं, हे सुचवत नाही.