करडी पट्टी

बसभाडं वाढवलं तर प्रवासी किती कमी होतील, याचा आमच्या मॉडेलने काढलेला आलेख पडद्यावर होता. मधोमध निळी रेघ, आणि तिच्या दोन्ही बाजूंना रुंदावत गेलेली करडी पट्टी. खरा आकडा त्या पट्टीत कुठेही पडू शकतो.

“ती पट्टी काढा हो,” सचिव मॅडम म्हणाल्या. “मंत्रीसाहेब आत्ता येतील. ती पाहिली की गोंधळतात.”

“मॅडम, मॉडेल जुन्या भाड्यांवर बेतलंय,” मी सांगितलं. “ एवढी वाढ त्याने पाहिलेलीच नाही. भाडं इतकं वाढलं की माणसांचं वागणंच बदलतं. कुणी चालत जातं, कुणी जाणंच सोडतं.”

“ते तोंडी सांगू.”

तोंडी कुणी सांगत नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारी बसलेल्या सहकारी सुनीताने माझ्याकडे न बघता बटण दाबलं. पट्टी गेली. उरलेली रेघ किती ठाम दिसत होती! क्षणभर मलाही ती खरी वाटली.

बाहेर गाडीचं दार वाजलं. मी खिडकीतून पाहिलं. साहेब उतरत होते. पलीकडच्या थांब्यावर एक बाई बसची वाट बघत होती. पडद्यावरून पुसलेली शंका आता तिच्या शेजारी जाऊन उभी होती.