टाके सुकेपर्यंत

दवाखान्यात नवीन कुत्रं आलं की काका चपला बाजूला काढायचे आणि त्याच्याकडे पाठ करून सरळ फरशीवर बसायचे. हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर. मालक बिचारा सांगत असायचा की काल उलटी झाली, आज जेवला नाही, आणि हा माणूस भिंत बघत बसलेला. मिनिटभराने कुत्रं पुढे यायचं, काकांची कॉलर हुंगायचं, कान हुंगायचं. मग काका वळायचे. "हां, झाली ओळख. आता बोला."

तुम्हीही कधी जनावरांच्या दवाखान्यात बाकावर ताटकळत बसला असाल, तर तुम्हाला ठाऊक असेल की तिथे डॉक्टरांइतकाच आधार आणखी एका माणसाचा असतो. तो कुत्र्याचं तोंड धरतो, जखम धुतो आणि आपण घाबरून विचारलेला तोच प्रश्न तिसऱ्यांदा ऐकून घेतो. इंदिरानगरच्या आमच्या दवाखान्यात हा माणूस म्हणजे काका. सरकारी पशुदवाखान्यात ड्रेसर म्हणून त्यांनी सगळी नोकरी केली होती. निवृत्त झाल्यावर घरी करमेना, म्हणून सायखेड्याहून रोज एसटीने यायचे. नाव मुद्दाम लिहीत नाही. छापलेलं नाव बघून ते संकोचले असते, आणि आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणायचो.

त्यांची माझी ओळख भुरीमुळे झाली. भुरी आमच्या गल्लीतली. पावसाळ्यात तिला पिल्लं झाली, त्यातलं एकही जगलं नाही, आणि ती आमच्या जिन्याखाली येऊन राहिली. जिन्याखालून दारात, दारातून घरात, असं करत महिन्याभरात ती आमची झाली. पुन्हा तिच्या वाट्याला ते नको, म्हणून तिची नसबंदी करायचं ठरवलं. मी शाळेत शिक्षिका, माझा नवरा अनिल सातपूरला कारखान्यात. कुत्रं पाळायचा अनुभव दोघांनाही नव्हता.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरबाईंनी भुरीला आमच्या ताब्यात दिलं तेव्हा मी हादरलेच. डोळे अर्धे उघडे, त्यावर आतून पांढरट पडदा आलेला, जीभ बाहेर, अंगाला थरथर. मी हाक मारली तर ओळख नाही. ती बारीक आवाजात एकसारखी कण्हत होती. काका म्हणाले, "आज ती तुम्हाला ओळखणार नाय. मनाला लावून घेऊ नका. उद्या ओळखंल."

मग त्यांनी तिच्यासाठी जागा कशी करायची ते सांगितलं. गादी जमिनीवरच घाला, पलंगावर ठेवाल तर गुंगीत खाली पडेल. अंगावर चादर टाका, थंडी वाजते. झोपेत लघवी होईल, रागावू नका. नीट उभी राहिल्याशिवाय पाणी नको, आणि मग दोन घोटच. जेवणाची घाई आज करू नका, उद्या थोडा मऊ भात द्या. मी हे सगळं वहीत लिहून घेत होते. ते बघून ते हसले. म्हणाले, बाई, पोट दिवसातून दोनदा बघा, एवढं एकच लिहा. टाक्यांपाशी जरा लाली असणार. पण ओल दिसली, वास आला किंवा फुगलं, तर फोन करा.

भुरीच्या गळ्यात प्लास्टिकचा मोठा शंकू बांधला होता. काका त्याला भोंगा म्हणायचे. "हा भोंगा दहा दिवस काढायचा नाय. ती रडंल, दारावर आपटंल, तुमच्याकडं असं बघंल की तुम्हाला जेवण जाणार नाय. तरी काढायचा नाय."

त्यांची बोलण्याची तऱ्हा अशी होती की माणसाचा ताण हलका व्हावा. एकदा माझ्यासमोरच एक रुबाबदार गृहस्थ आपला भला थोरला कुत्रा घेऊन आले होते. ऑपरेशनला ते तयार होईनात. याची मर्दानगी जाईल, हा पूर्वीसारखा राहणार नाही, असं खालच्या आवाजात पुन्हा पुन्हा म्हणत होते. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "साहेब, ऑपरेशन त्याचं हाय. तुमचं नाय." बाकावरची आम्ही सगळी माणसं छताकडे बघायला लागलो. गृहस्थ मात्र जरा थांबले आणि स्वतःच हसले. पुढच्या आठवड्यात ते कुत्र्याला घेऊन हजर होते.

भुरीला दुसऱ्या दिवशी माझी ओळख पटली. तिसऱ्या दिवशी ती पोटभर जेवली. चौथ्या दिवशी तिने शेपूट हलवत सोफ्यावर उडी मारायचा प्रयत्न केला, आणि मला वाटलं, सुटलो. त्या दिवशी रविवार होता. भोंगा भिंतीला घासत ती माझ्यामागे फिरत होती, पाण्याच्या भांड्यात तोंड घालता येत नव्हतं. शेवटी माझ्याकडे बघून तिने असा सुस्कारा टाकला की मला राहवेना. पाच मिनिटं मोकळी राहू दे बिचारी, म्हणून मी भोंगा काढला. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. बोलत बोलत मी गॅलरीत गेले. परत आले तेव्हा भुरी कोपऱ्यात मुटकुळं करून पोट चाटत होती. दोन टाके निघाले होते आणि फरशीवर रक्ताचे थेंब पडले होते.

मी काकांना फोन केला. रविवारी ते खरं तर येत नसत, त्या दिवशी एका वळूच्या निमित्ताने सिन्नरला गेले होते. तिथून ते परस्पर आमच्याकडे आले आणि दार उघडताच त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं. मला वाटलं होतं, आता बोलणी बसणार. मी स्वतःच सुरुवात केली, माझंच चुकलं, तुम्ही इतकं सांगितलं होतं. ते भुरीच्या पोटावर स्वच्छ पट्टी दाबून धरत म्हणाले, "चौथ्या दिवशी जनावर बरं होत नाय, बाई. त्याला नुसतं बरं वाटायला लागतं. फसतो आपण. मी पण फसलेलो हाय."

कुठे फसले होते, ते मी तेव्हा विचारलं नाही.

डॉक्टरबाईंनी रविवार असूनही दवाखाना उघडला आणि टाके पुन्हा घातले. आतला थर शाबूत होता, थोडक्यात निभावलं. पण त्यानंतर मला भुरीजवळ जायचीच भीती वाटू लागली. माझ्या हातून तिचं काही बरं होणार नाही, असंच मनाने घेतलं. हे मी कुणाला बोलले नव्हते, पण काकांना कळलं असावं. त्या आठवड्यात ते रोज संध्याकाळी बस पकडायच्या आधी आमच्याकडे यायचे. भुरीला "अहो भुरीबाई" म्हणून हाक मारायचे, पण जखमेला स्वतः हात लावायचे नाहीत. मला बघायला लावायचे. लाली कालच्यापेक्षा कमी आहे की जास्त? बोट जवळ नेल्यावर ऊन लागतं का? वास घ्या, कसला येतो? मी सांगेन ते मान हलवून ऐकायचे. तीन-चार दिवसांत ते यायच्या आधीच मी पोट बघून ठेवू लागले. टाके काढायच्या दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, जखम छान सुकली आहे, कोण बघत होतं? काका म्हणाले, "बाईच बघत होत्या."

मी तो शब्द अजून जपून ठेवला आहे.

पुढच्या वर्षी माझंच ऑपरेशन झालं. गर्भाशयाची पिशवी काढावी लागली. घरी आल्यावर चार दिवस सगळ्यांनी कौतुक केलं. मग मी हिंडूफिरू लागले आणि घर पूर्वपदावर आलं. अनिल वाईट माणूस नाही. पण मी ओट्यापाशी उभी दिसले, की त्याला वाटायचं, बरी आहे. आठव्या दिवशी नणंदेच्या घरची माणसं जेवायला येणार होती. नको म्हणायचा मला संकोच वाटला.

त्या सकाळी अनिल भुरीला लशीसाठी दवाखान्यात घेऊन गेला. काकांनी विचारलं, बाई नाही आल्या? त्याने सहज सांगितलं की तिचं ऑपरेशन झालंय, पण आता ठीक आहे, स्वयंपाक करतेय. काकांनी कितवा दिवस ते विचारलं, डॉक्टरबाईंना सांगितलं आणि भुरीला मध्ये घेऊन अनिलच्या मागे स्कूटरवर बसून थेट आमच्या घरी आले.

मी मोठ्या कुकरमध्ये डाळ-भात लावून तो उचलत होते. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. म्हणाले, ठेवा तो. मी ठेवला. मग ते अनिलकडे वळले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"साहेब, माझ्या बायकोचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं, तवा कांद्याची लागण चालू होती. चौथ्या दिवशी ती उठली. मी म्हणलो, झाली बरी. मी गावोगाव लसी टोचत फिरत होतो. लोकांच्या गाईम्हशींच्या टाक्यांना जपत होतो. ती वाकून लागण करत होती. टाके पिकले, ताप डोक्यात गेला. दोन महिने दवाखान्यात होती. वाचली, पण पहिल्यासारखी नाय झाली. कुत्र्याला दहा दिवस सांभाळलं तुम्ही. मी बघितलं हाय. बायकोला सहा आठवडे सांभाळा."

अनिलने कुकर उचलून गॅसवर ठेवला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बहिणीला फोन लावला. आज जमणार नाही, एवढंच तो म्हणाला. पुढचे सहा आठवडे आम्ही खिचडी, पिठलं आणि अनिलच्या हातच्या नकाशासारख्या पोळ्या खाल्ल्या. मी एकही जड भांडं उचललं नाही. आईच्या घरून सासरी आल्यापासून मी इतकी निवांत कधी पडून राहिले नव्हते. छताकडे बघत मी कितीदा तरी काकांची आठवण काढली.

दोन वर्षांनी त्यांना एसटीची चढउतार झेपेना आणि त्यांनी येणं थांबवलं. अधूनमधून फोनवर बोलणं व्हायचं. नसबंदी झालेलं कुत्रं सुटतं, भुरीला वाढताना हात आखडता घ्या, असं दर वेळी बजावायचे. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. काका सकाळी चहा पिता पिता गेले होते.

पंधरा दिवसांनी आम्ही दोघं सायखेड्याला गेलो. काकू घरात एकट्याच होत्या. बारीक, किंचित वाकलेल्या. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्या म्हणाल्या, भुरीवाल्या बाई ना, सांगायचे तुमचं. मग त्या काकांविषयी बोलत राहिल्या. त्या दुखण्यानंतर काकांनी त्यांना पाण्याचा हंडा कधी उचलू दिला नव्हता. पहाटे नळ आला की स्वतः सगळं पाणी भरायचे आणि मगच एसटी पकडायचे. "मी म्हणायची, मी बरी हाय आता, द्या इकडं," काकू म्हणाल्या. "पण ऐकायचं नावच नाय. सारी उमर भरलं पाणी."

एवढं बोलून त्या चहा ठेवायला उठल्या. माठ रिकामा होता. दाराशी भरलेला हंडा होता. त्यांनी पदर खोचला, वाकून त्याला दोन्ही हात घातले.

अनिल माझ्या आधी उठला. त्याने तो हंडा त्यांच्या हातातून घेतला आणि आत नेऊन माठ भरला. काकू दाराच्या चौकटीला धरून ते पाणी पडताना बघत उभ्या राहिल्या.