हिल्दूरच्या बोटांखालची काच

हिल्दूर आमच्या वेस्टरबू गावची. चिंध्यांच्या सतरंज्या विणते. गोवराने तिचे डोळे लहानपणीच नेले, तेव्हा पुलाजवळची रूनशिळा, म्हणजे जुनी रून अक्षरं कोरलेला दगड, ती बोटांनी वाचायला शिकली. हजार वर्षांपूर्वी गुदलॉग नावाच्या बाईने मेलेल्या लेकीसाठी तिथे पूल बांधला आणि तसं त्या शिळेवर, नक्षीतल्या सापाच्या वेटोळ्यात, कोरून घेतलं. हिल्दूरची स्वतःची लेक गेली तेव्हा ती चर्चमध्ये रडली नाही. शिळेवरून हात फिरवत बसली. मग दर रविवारी जायला लागली.

पुढे म्हणे थंडीने दगड तडकतोय. उचलून संग्रहालयात नेला. ठीक आहे, तडकावा असं आम्हालाही वाटत नाही. पण तिथल्या प्रमुख लोव्हिसाने गावाच्या सभेत तोंड भरून सांगितलं होतं, "आता शिळा जिवंत होणार! सगळ्यांनी हात लावायचा!"

उद्घाटनाला हिल्दूर ठेवणीतला कोट घालून आली. मी तिला पुढे नेलं. तिने तळवा टेकवला आणि थबकली.

"ही तर खिडकी आहे."

"टचस्क्रीनचा पडदा आहे, हिल्दूर," लोव्हिसा म्हणाली. "दाब ना, शिळा बोलते!"

दाबलं. तलवारी खणखणल्या आणि कुणी बाप्या गरजला, "मी वायकिंग! कोण येतंय लढायला?"

"हा कोण मेला?" हिल्दूर म्हणाली. "गुदलॉग कुठाय?"

"मुलांना लढाई आवडते गं."

"आणि शिळा?"

"कठड्यामागे. हात नाही लावायचा. पण वर्षातून एकदा, हातमोजे घालून, तुझ्यासाठी खास सोय करू."

"हातमोजे! तू नवऱ्याचा मुका तोंडाला फडकं बांधून घेतेस का?"

लोक फिस्कन हसले. माझं मात्र डोकं सणकलं. आंधळ्या बाईला वाचता येईल असा गावात एकच दगड होता. तो काढून घेतला, तिच्या हाताखाली गुळगुळीत काच सरकवली, आणि वर दारावर पाटी काय, तर 'सर्वांसाठी खुलं'! लाज कशी वाटत नाही?

मी लोव्हिसाशी भांडत राहिलो. हिल्दूर भांडली नाही. तिने काठीने कठडा चाचपला आणि पाय पलीकडे टाकला. भोंगा कोकलायला लागला. रखवालदार धावला, मी आडवा आलो. तिने सापाचं डोकं शोधलं आणि तिथून, जराही घाई न करता, एकेका अक्षरावरून बोट नेत मोठ्याने वाचत गेली. गुदलॉगच्या लेकीच्या नावाशी बोट थांबलं.

"आता बंद करा तो भोंगा," ती म्हणाली. "रविवारी परत लावा."