दुसरं धुराडं

गल्लीत त्याला सगळे दर्यावर्दी म्हणत. त्याने समुद्र पाहिलेला नव्हता. समुद्र होता दिवसभराच्या बसप्रवासाइतका लांब, आणि दर्यावर्दीला बस लागत असे. त्याचे फ्रेमचे दुकान होते. लोकांचे वाडवडील, पदव्या, लग्नातले घोळके तो काचेमागे नीट बसवून देई. दुकानाच्या मागच्या खोलीत एक टेबल होते. त्यावर भिंग, चिमटा, टिपकागद आणि पाण्याने भरलेली पसरट थाळी. थाळीत पाकिटांचे कापलेले कोपरे भिजत पडत. गोंद सुटला की पोस्टाची तिकिटे अलगद मोकळी होत. तिकिटावर जहाज किंवा फेरीबोट नसेल, तर त्याला या थाळीत प्रवेश नव्हता. राजे, फुलपाखरे आणि शास्त्रज्ञ तो शेजारच्या चष्मेवाल्याला देऊन टाकी. चष्मेवाला त्यांवरची बारीक अक्षरे गिऱ्हाइकांकडून वाचून घेऊन नंबर काढायचा.

इथपर्यंत याला छंद म्हणता आले असते. पण पुढे दर्यावर्दीने आपल्याकडच्या प्रत्येक जहाजाचे नंतर काय झाले, याची चौकशी सुरू केली. तो वाचनालयात जाऊन बसे, कुठल्या कुठल्या बंदरांना पत्रे धाडी, आणि उत्तरे येत ती एकाच चालीची. हे बुडाले. ते जळाले. ते खडकावर चढले आणि अजून तिथेच आहे. बाकीची भंगारात गेली. आजोबांच्या काळातली जहाजे ती, आजवर तरंगत थोडीच राहणार होती? पण दर्यावर्दीने मनाशी पक्के केले, की जहाजाला धोका समुद्राचा नाही, पोस्टाचा आहे.

"तिकिटावर आलं की संपलं," तो चष्मेवाल्याला सांगे.

"अरे, तिकिटांवरचे राजेसुद्धा मेलेच की."

"तेच तर मी म्हणतोय."

त्याची एकुलती एक मुलगी बेटावरच्या एका शाळामास्तराच्या घरी नांदत होती. तिचे दिवस भरत आले होते. बेटावर डॉक्टर होता, पण गुरांचा. म्हणून बाळंतपणाला तिने आईबापांकडे यावे असे ठरले होते. बेटावरून निघायला एकच फेरीबोट. तिचा फोन आला.

"बाबा, तुमच्यासाठी गंमत आहे. आमच्या फेरीबोटीचं पोस्टाचं तिकीट निघालंय."

दर्यावर्दीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाबा? ऐकू येतंय ना?"

"तू त्या बोटीत बसू नकोस."

"मग काय पोहत येऊ?"

बायकोने फोन काढून घेतला, मुलीला "तू ये गं, यांचं नेहमीचंच आहे" म्हणून सांगितले आणि नवऱ्याकडे वळली. "अहो, डोहाळे तिला लागायचे. तुम्हाला कसले लागलेत?"

सकाळी त्याने पोस्टातून ते तिकीट आणून भिंगाखाली धरले. निळा समुद्र, पांढरी बोट, दोन लाल धुराडी. काम सुबक होते, त्यामुळे त्याला जास्तच धडकी भरली. मुलीला आणायला आपण स्वतः जायचे, असे त्याने ठरवले. बोट बुडणार हे आधीपासून ठाऊक असलेला एक तरी माणूस बोटीवर असावा, असे त्याचे म्हणणे होते. बायकोही निघाली. बुडण्यापेक्षा नवरा तिथे चारचौघांत काय बोलेल, याची तिला जास्त काळजी होती.

धक्क्यावर पोचल्यावर त्याने आधी बसमध्ये ओकून खराब झालेले तोंड धुतले, मग बोट पाहिली. पुन्हा पाहिली. खिशातून तिकीट आणि भिंग काढून ताडून पाहिली.

"अगं, ही ती नव्हेच," तो म्हणाला. "हिला एकच धुराडं आहे. या बोटीवर तिकीट निघालेलंच नाही. मी म्हणत होतो ना, उगाच घाबरू नये."

"तुम्ही म्हणत होतात," बायको म्हणाली आणि पिशवी उचलून फळीवर चढली.

जन्म पाण्यावर गेल्यासारखा दर्यावर्दी तिच्या मागोमाग डेकवर आला. तिथे लाल रंगवलेले एक मोठे नळकांडे आडवे पडले होते आणि शेजारी एक फिटर पाना घेऊन बसला होता.

"हे काय?"

"दुसरं धुराडं, काका."

फिटरने सगळे सांगितले. चित्रकाराने बोट न बघताच चित्र काढले आणि जोडी शोभून दिसते म्हणून दोन धुराडी दिली. तिकीट निघाल्यापासून प्रवासी ते हातात धरून भांडत होते, की तिकिटावरची बोट दाखवून आम्हाला भलत्याच बोटीत बसवता. बोटीच्या कंपनीने पोस्टाला कळवले. पोस्टाने उत्तर दिले, की तिकिटे छापून झाली असल्याने दुरुस्ती बोटीत करावी.

"धूर निघणार यातून?"

"कशाचा धूर? पोकळ पत्रा आहे. नुसतं दिसायला."

"कधी बसवणार?"

"बोट सुटली की. वाटेत दुसरं काम काय असतं?"

धुराडे एक होते तोवर ही कुणीतरी साधीसुधी बोट होती. दुसरे उभे राहिले की ती तिकिटावरची होणार होती, आणि येताना तिच्यात मुलगी असणार होती. तो त्या नळकांड्यावर बसला.

"काका, उठा."

"मला बोट लागते."

"अजून सुटली कुठंय?"

"मला आधीपासून लागते."

बायको आत जाऊन बसली आणि शेजारणीला तिने आपण एकट्याच निघाल्याचे सांगितले. बोट सुटली. फिटरने कप्तानाला बोलावून आणले. कप्तानाने दर्यावर्दीच्या चेहऱ्याचा हिरवा रंग नीट पाहिला. "याला हलवू नकोस," तो म्हणाला, "डेक आत्ताच धुतलाय."

बेटावर मुलगी चढली. एक हात कमरेवर, एका हातात पिशवी.

"बाबा, कशावर बसलात?"

"काही नाही. आईजवळ जा आत."

तिने बापाकडे पाहिले, लाल पत्र्याकडे पाहिले, वरच्या एकुलत्या धुराड्याकडे पाहिले. ती त्याच घरात वाढली होती. तिला समजावून सांगावे लागले नाही. ती सावकाश त्याच्या शेजारी टेकली. दिवस भरलेल्या बाईला नळकांड्यावरून कसे उठवायचे, हे फिटरला कुणी शिकवले नव्हते. त्याने पाना खिशात घातला. बोट हलू लागली तशी बायकोही बाहेर आली.

"सरका जरा," ती म्हणाली. "आत सगळे विचारतायत, बाहेर तो कोण बसलाय म्हणून."

"मग काय सांगितलंस?"

"लांबचे नातेवाईक."

तिघेही तसेच बसून धक्क्याला लागले. मायलेकी उतरल्या. दर्यावर्दीने पँट झटकली. "बसव आता खुशाल," तो फिटरला म्हणाला.

फिटरने धुराडे उभे केले आणि बोल्ट घातले. दर्यावर्दीने निघायला हवे होते, बस उभी होती. पण त्याचा पाय निघेना.

"डावीकडे झुकलंय," तो म्हणाला.

"चालतं हो, काका."

"चालत नाही." त्याने दोऱ्याला किल्ल्यांचा जुडगा बांधून ओळंबा केला, एक डोळा मिटला, खाली पत्र्याची पट्टी सारायला लावली. धुराडे असे उभे राहिले, की त्याच्यापुढे जुनेच वाकडे दिसू लागले. शेवटचा बोल्ट आवळायचा राहिला होता.

"बाबा," मुलगी धक्क्यावरून म्हणाली, "दोन महिन्यांनी मला याच बोटीनं परत जायचंय. बाळाला घेऊन."

दर्यावर्दीच्या हातातला जुडगा हलायचा थांबला. मग त्याने खाली वाकून ती पट्टी काढून घेतली, धुराड्याला खांदा लावला आणि ढकलले. खिशातले तिकीट काढून भिंगातून पाहिले. आणखी थोडे ढकलले.

"काका, आत्ता तुम्हीच तर सरळ केलंत."

"तिकिटावर सरळ आहे," दर्यावर्दी म्हणाला. "आवळ."

फिटरने बोल्ट आवळला. दर्यावर्दी खाली उतरला, आणि बस सुटेपर्यंत त्याने त्या बाजूला मान वळवली नाही.