उमसुनायनं नाव घेतलं

आमच्या नारिन गावात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. माझ्या सासऱ्यांचं नाव बाल्ता, म्हणजे कुऱ्हाड. (लिहायला बंदी नाही, बोलायला आहे.) लग्न झाल्यापासून सरपण फोडायला मी 'ते धारेचं' मागते. हसा खुशाल. पण या रीतीचा खरा फायदा उठवला तो नूरबाबानं. "मी तुम्हा सगळ्यांचा सासरा," असं त्यानं आपल्या भक्तिणींना सांगितलं आणि गावातल्या निम्म्या बायकांची तोंडं फुकटात शिवून टाकली.

माझी शेजारीण उमसुनाय त्यांतलीच. तिच्या धाकट्या बहिणीचं, कान्यमचं, साखरेच्या आजाराचं इंजेक्शन बाबानं बंद केलं आणि वर आशीर्वाद म्हणून मध चाटवायला लागला, तेव्हा उमसुनाय बाबाच्या घरून कायमची निघाली. कान्यम मात्र तिथंच वाळत राहिली.

उमसुनाय पोलिसात गेली. तक्रार कुणाविरुद्ध, असं साहेबानं विचारलं. सासऱ्याचं नाव हिच्या तोंडून निघेना. "मोठ्या घरच्यांविरुद्ध," म्हणाली. नारिनमध्ये मोठी घरं पुष्कळ आहेत, असं म्हणून त्यानं तिला वाटेला लावलं. मी तिला चांगली खिजवली, "तिथून निघालीस ते ठीक, पण सासरा बरोबर घेऊन आलीस की गं."

मग माझ्या नातवाला पाळण्यात घालायची जेवणावळ आली. बाबा न बोलावता आला, कान्यम आणि आणखी चारपाच जणींना घेऊन, आणि थेट मानाच्या जागी बसला. चहा ओतायला उमसुनायला मीच बसवलं होतं. उगाच नाही.

आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्धी वाटी देतात, म्हणजे बसा, आणखी मागा. भरलेली वाटी म्हणजे उठा आता. उमसुनायनं वाटी काठोकाठ भरली, त्याच्यापुढं ठेवली.

"तुर्दाली," बाबाचं खरं नाव घेऊन ती घरभर ऐकू जाईल अशी म्हणाली, "चहा पी आणि चालता हो. माझ्या बहिणीला तू मारतोयस."

बायकांनी वर पाहिलं. छत काही कोसळलं नाही. कोपऱ्यातली एक म्हातारी रुमालात तोंड खुपसून हसली. बाबा लालबुंद होऊन उठला आणि त्यानं कान्यमला हाक मारली.

कान्यमनं आपली वाटी बहिणीपुढं केली. "मला अर्धीच घाल, ताई. आणि साखर नको."

तिला आधी दवाखान्यात नेलं, मग पोलिसात. साहेबानं पुन्हा नाव विचारलं. तिघी एकदम बोललो. माझा आवाज सगळ्यांत मोठा. मला कसली भीती? माझा सासरा कुऱ्हाड आहे.