नॉर्वेकरांचा वाळवलेला राग

नॉर्वेकरांनी आयुष्यात कुणाला माफ केलं नाही, आणि हे ते आपलं गाव सांगावं इतक्या सहज सांगायचे. "त्यांना मी माफ केलेलं नाही," एवढं म्हणायचं आणि कॉफीचा पुढचा घोट घ्यायचा. आवाज चढायचा नाही.

खरं नाव आमच्या जिभेवर बसेना, म्हणून सिंगापूरच्या जुरोंग आयलंडला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये आम्ही मराठी पोरांनीच त्यांना नॉर्वेकर केलं. साठी उलटलेला, काठीसारखा उंच माणूस. काम वेल्डिंग तपासण्याचं. बुओना व्हिस्टाला माझ्याच काँडोत, माझ्या वरच्या मजल्यावर एकटे राहायचे, म्हणून बसमध्येही शेजारी बसायचे. रिफायनरीचे पाइपरॅक दिसू लागले की म्हणायचे, "आमच्या गावात असेच सांगाडे आहेत. लाकडी. आणि पाइपांऐवजी मासे."

त्यांचं गाव म्हणजे नॉर्वेच्या पार उत्तरेला डोंगर आणि समुद्र यांच्या फटीत बसवलेली लाल लाकडी घरं. हिवाळ्यात तिथे सूर्य उगवतच नाही. थंडी सरता सरता बोटी कॉडने भरून येतात, मग दोन-दोन मासे शेपटीला बांधून त्या सांगाड्यांवर टांगतात. मीठ नाही, धूर नाही. फक्त वारा. उन्हाळा लागेपर्यंत मासा लाकूड होतो.

मी म्हटलं, आमच्याकडे बोंबील असेच वाळवतात, बांबूच्या वलांडीवर. दोघांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि दोरीवर टाकायचे. नॉर्वेकरांनी मान वळवून माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "तोंडात तोंड? हुशार आहेत तुमचे लोक. गाठ मारायचा वेळ वाचतो."

हुशार म्हणणारा हा पहिलाच. पालघरच्या किनाऱ्यावर माझी आई डोक्यावर पाटी घेऊन सुकट-बोंबील विकायची. त्या बोंबलांवर मी इंजिनिअर झालो, घराण्यातला पहिला. कॉलेजात बाकावर माझ्या शेजारी बसायला पोरं कुरकुर करायची. हे मी कुणापासून लपवत नाही. विसरतही नाही.

त्यांचंही तसंच. खाडीपलीकडच्या शहरात व्यापाऱ्यांची घरं होती. नॉर्वेकर बोटीने तिथल्या शाळेत जायचे आणि वर्गात शिरले की पोरं नाकं धरायची. तेव्हापासून ते त्या शहरात कॉफी पीत नाहीत. गावी जाताना फेरीबोटीसाठी तिथेच थांबावं लागतं, बर्फ पडत असतो, समोर कॅफे असतो. हे बाहेर धक्क्यावर उभे. मी विचारलं, "त्यांना कळतं तरी का?" म्हणाले, "मला कळतं ना."

मग माझी आई सिंगापूरला आली. आयुष्यातला पहिला विमानप्रवास. पिशवीत कपडे कमी, बोंबील जास्त. एका रविवारी तिने तव्यावर चार बोंबील भाजले आणि थोड्या वेळाने बेल वाजली. दारात मॅनेजमेंट ऑफिसचा माणूस, मागे टॉर्च घेतलेला पेस्ट कंट्रोलवाला. समोरच्या फ्लॅटमधून तक्रार होती, कुठेतरी उंदीर मरून पडलाय. आई हातात उलथनं घेऊन उभी. तिला इंग्रजी येत नाही, पण तो माणूस ओट्याखाली टॉर्च मारून काय शोधतोय ते तिला कळलं.

समोर बँकवाले साहेब आणि वहिनी राहतात, आपलीच मराठी माणसं, पुण्याची. शाकाहारी असते तर मी समजून घेतलं असतं. चिली क्रॅब दोन्ही हातांनी फोडून खाणारे लोक. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये वहिनींनी आईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला गोडीत विचारलं, "गावाकडून माणसं आलीयेत का हो? नाही, वास आला म्हणून विचारलं."

आईने पुन्हा तवा तापवला नाही. उरलेले बोंबील डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले आणि तिकीट अलीकडचं करायला लावलं. विमानतळावर म्हणाली, "आता मला इकडे नको बोलावूस रे बाळा. तुझी लाज जाते."

माझी लाज. तिला सोडून आलो त्या रात्री मी काँडोच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मराठीत लिहायला घेतलं, पार बापजादे काढून. सकाळी बसमध्ये नॉर्वेकरांनी काय लिहितोयस म्हणून विचारलं. इंग्रजीत ऐकवलं, तर हात पुढे करून फोन माझ्या खिशात घातला. "राग ओला वापरू नये, पोरा. ओला राग कुजतो आणि वास तुलाच येतो. टांगून ठेव. वाळला की कितीही वर्षं टिकतो." आणि जरा थांबून विचारलं, "आईचे मासे उरलेत ना? टाकू नकोस."

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाचं जेवण त्यांनी घरीच ठेवलं आणि समोरच्या साहेबांना, वहिनींना स्वतः जाऊन आमंत्रण दिलं. गोऱ्या शेजाऱ्याचं बोलावणं. दोघं अत्तर लावून आले. सकाळी मी डबा वर नेऊन दिला होता. नॉर्वेकरांनी बोंबील तव्यावर खरपूस भाजले, बाल्कनीत हातोडीने कुटले, लोणी लावलेल्या कुरकुरीत भाकरीवर पसरले. घरभर तोच वास. "आमच्याकडे मासा असाच खातात," ते म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

साहेबांनी डोळे मिटून घास चावला. "काय अरोमा आहे!" वहिनींनी तिसरा तुकडा उचलला. "असं ऑथेंटिक आपल्याकडे मिळतच नाही. कुठून आणलं हो?"

नॉर्वेकरांनी घड्याळात वेळ दाखवावी तसं शांतपणे माझ्याकडे बोट केलं. "याच्या आईकडून."

मी मराठीत म्हटलं, म्हणजे वहिनींना नीट समजावं, "पेस्ट कंट्रोलवाल्याला विचारा ना वहिनी. त्याला पत्ता माहीत आहे."

त्यांच्या हातातला तुकडा खाली ठेवायला बशी सापडेना. नॉर्वेकर उठले आणि त्यांना अदबीने आणखी एक वाढला.

त्याच आठवड्यात ते गेले. विमानतळावर मी पाया पडायला वाकलो, तर घाबरून मागे सरकले. मी विचारलं, "आता तरी त्या शहरात कॉफी प्याल?" म्हणाले, "वेडा आहेस का? आत्ता कुठे तो राग चांगला वाळलाय."

शेपटीला बांधलेली वाळक्या कॉडची एक जोडी ते मला देऊन गेलेत. ती माझ्या दारावर, बाहेरच्या बाजूने, समोरच्या दाराकडे तोंड करून टांगलेली आहे. आईला फोनवर सगळी हकीकत तीनदा सांगावी लागली, दर वेळी "वाढला? आणखी एक वाढला?" म्हणून हसायची. पुढच्या महिन्यात येतेय. बोंबील भरपूर आण म्हटलंय. आणि या वेळी भाजताना खिडकी नाही, दार उघडं ठेवायचं.